नुसतं पूर्ण करायचं ठरवलं होतं, निघाला पीबी: एका हाफ मॅरेथॉनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही केस आमच्या रनिंग ग्रुपमधल्या एका ताईंची आहे. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी, घर, दोन शाळकरी मुलं हे सगळं सांभाळून पहाटे पळणाऱ्या. नाव, गाव, रेस कुठली हे मुद्दाम गाळलंय, पण वेळा आणि स्प्लिट (टप्प्याटप्प्याला लागलेला वेळ) जसेच्या तसे ठेवलेत, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. ग्रुपमधल्या काही जणांचे प्लॅन मी बघतो त्यामुळे ताईंचं सगळं लॉगबुक पहिल्यापासून माझ्या डोळ्याखालून गेलेलं आहे, आणि हे लिहायला त्यांनी आनंदाने हो म्हटलंय.

ताईंचा हाफचा (२१.१ किमी) आधीचा बेस्ट, म्हणजेच पीबी (पर्सनल बेस्ट), होता २:१४:४०, म्हणजे किमीला साधारण ६:२३ ची पेस. ती रेस आदल्या वर्षीची, दमट हवेतली, सुटली तेव्हाच २६ डिग्रीच्या आसपास होतं. त्या दिवशी पहिले १० किमी त्यांनी ६०:२० मध्ये काढले आणि पुढचे ११ किमी अक्षरशः ओढत नेले, किमीला ६:४० च्या वर. शेवटच्या दोन किमीत तर चालणं-पळणं चालणं-पळणं असं करत आल्या. तरी तो बेस्टच होता, आणि त्या रेसनंतर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की "माझी ताकद २:१५ ची, त्याच्या पुढे शरीर ऐकत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची बरीच गडबड याच्यातून आली.

या वेळचा प्लॅन १४ आठवड्यांचा. आठवड्यात चार रन, त्यातला एक टेंपो (बराच वेळ एकसारखं जोरात) किंवा इंटरव्हल (मध्ये मध्ये थांबत जोरात), एक लाँग रन, बाकी दोन अगदी आरामात. सगळ्यात मोठा आठवडा ४२ किमीचा. रेसच्या पाच आठवडे आधी १० किमीची टाइम ट्रायल (वेळ लावून पूर्ण जोराने पळायची चाचणी) घेतली ती ५७:५० मध्ये झाली, आधीच्या वर्षीपेक्षा जवळजवळ तीन मिनिटांनी फास्ट. चार आठवडे आधी १८ किमीचा लाँग रन झाला, तोही मस्त, शेवटचे चार किमी टार्गेट पेसला. टार्गेट होतं २:१० च्या आत. सगळं सुरळीत चाललेलं.

अडचण

रेसच्या बरोबर तीन आठवडे आधी ताप आला. तीन दिवस ताप, मग छातीत कफ, रात्रीचा खोकला. २० किमीचा लाँग रन त्याच शनिवारी होता, तो गेला. त्यानंतरचा टेंपो गेला. एकूण नऊ दिवस बूट कपाटातच होते.

सर्दी-पडसं असेल आणि लक्षणं मानेच्या वरच असतील, म्हणजे नाक वाहणं, थोडा घसा, तर हळूहळू पळायला सहसा हरकत नसते असं धावपटूंमध्ये मानतात. पण ताप असेल, अंग मोडून आलं असेल किंवा छातीत कफ असेल तर पळायचंच नाही. विषाणूच्या तापात जोरात व्यायाम केला आणि नेमकी हृदयाच्या स्नायूंना सूज असली तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून यात घासाघीस नाही. ताईंनी ते पाळलं, डॉक्टरांना दाखवलं, ताप जाऊन काही दिवस अंग नॉर्मल वाटल्यावर आणि डॉक्टरांनी हलकं पळायला हो म्हटल्यावरच बाहेर पडल्या.

पहिला रन ४ किमीचा. पेस ७:१५, आणि हार्ट रेट असा की एरवी टेंपोला असतो. घरी पोचल्यावर मेसेज आला, "संपलं रे सगळं, तीन महिन्यांची मेहनत गेली." मला हे वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. पळणं थांबलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग थोडा कमी होतो, मग त्याच पेसला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात आणि माणसाला वाटतं फिटनेस गेला. स्नायूंनी, केशवाहिन्यांनी महिनोन्‌महिने जे कमावलेलं असतं ते इतक्यात जात नाही. एडवर्ड कॉइल यांचा १९८४ चा अभ्यास आहे, त्यात मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला तेव्हा २१ दिवसांत व्हीओटू मॅक्स (शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता) ७ टक्क्यांच्या आसपास घसरला. ताईंचे गेलेले नऊ दिवस. म्हणजे नुकसान होतं पण ते त्यांना वाटत होतं त्याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. हे फोनवर समजावून सांगितलं तरी मनाला पटायला वेळ लागतो, आणि तेही साहजिकच आहे.

समोर कोणते पर्याय होते

रेसला १२ दिवस राहिले होते. खरं तर दोन वेगवेगळे प्रश्न होते आणि ताई ते एकत्र करत होत्या. एक, रेस पळायची की नाही. दोन, पळायची तर राहिलेल्या १२ दिवसांत काय करायचं.

पहिल्या प्रश्नावर तीन रस्ते होते. रेस सोडून द्यायची. किंवा आयोजकांना विचारून १० किमीला बदलून घ्यायचं. किंवा हाफच पळायची पण टार्गेट खाली आणून. सोडून द्यायला त्या मनापासून तयार होत्या, "पोचपावती नको मला, त्यापेक्षा न पळालेली बरी" असं म्हणाल्या. १० किमीचा पर्याय कागदावर सगळ्यात शहाणपणाचा दिसतो, पण १० किमी म्हणजे कमी अंतर आणि जास्त जोर, नुकत्या आजारातून उठलेल्या छातीला तोच जास्त त्रास देतो. हाफमध्ये निदान सुरुवात तरी हळू करता येते. शेवटी ठरलं ते असं की आधीच निकाल लावायचा नाही, रेसच्या चार दिवस आधी एक छोटी परीक्षा घ्यायची, ८ किमी, त्यातले मधले ३ किमी ६:१० च्या पेसला. छातीत घरघर नाही, खोकल्याची उबळ नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचा हार्ट रेट नेहमीसारखा, या तिन्ही गोष्टी जमल्या तर हाफ. एक जरी बिघडली तर घरी.

मला हा या केसमधला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. बहुतेक लोक आजारातून उठल्या उठल्या त्या घाबरलेल्या मनःस्थितीत रेसबद्दल ठरवून टाकतात, नाहीतर रेसच्या दिवशी सकाळी भावनेच्या भरात. निर्णयाची तारीख आणि निकष आधी लिहून ठेवले की डोकं शांत राहतं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र जोरदार चर्चा झाली. ताईंना हुकलेला २० किमी भरून काढायचा होता, रेसच्या दहा दिवस आधी.

"अरे पण वीस झालेच नाहीत ना, अठराच्या पुढे काय होईल मला माहितीच नाही."

"ताई, मागच्या वर्षी एकवीस केलेत ना? अंतर शरीराला माहिती आहे."

"ते वेगळं. तेव्हा शेवटी चालले होते मी."

खरी भीती ही होती. शेवटी चालावं लागण्याची. आणि ते मागच्या वेळी का झालं होतं, लाँग रन कमी पडले म्हणून की पहिले दहा किमी ऐपतीपेक्षा फास्ट पळल्या म्हणून, हा विचार त्यांनी केलाच नव्हता. मी त्यांना जुन्या रेसचे स्प्लिट आणि १८ किमीच्या लाँग रनचे स्प्लिट शेजारी शेजारी ठेवून पाठवले. लाँग रनमध्ये त्या शेवटी वाढल्या होत्या, रेसमध्ये मोडल्या होत्या, फरक फक्त सुरुवातीचा आणि हवेचा.

शिवाय दहा दिवसांवर आलेल्या रेससाठी केलेल्या २० किमीचा फायदा रेसच्या दिवशी जवळपास शून्य, त्याचा थकवा मात्र पुरेपूर सोबत येणार, आणि आजारातून उठलेल्या अंगाला तर दुप्पट. त्यामुळे लाँग रन रद्द. राहिलेले दिवस छोटे रन, शेवटी चार-पाच स्ट्राइड्स, म्हणजे २० सेकंद मोकळेपणाने पळून मग थांबायचं, पाय जागे राहावेत इतकंच. ताई मानल्या पण नाखुशीनेच, हे स्पष्ट सांगतो.

रेसचा प्लॅन

चार दिवस आधीची परीक्षा पास झाली. मधले तीन किमी ६:१० ठरले होते, ते ६:०२ ने झाले आणि ताईंना ते घड्याळात बघून कळलं, पळताना नाही. ही खूण होती. पण ताईंनी स्वतःसाठी धरलेलं टार्गेट होतं २:१५ ते २:२०, "नीट पूर्ण झाली तरी देव पावला."

बुटांचाही एक विषय निघाला. ग्रुपमधल्या कोणीतरी कार्बन प्लेटवाले बूट देऊ केले होते, साइज सेम. दोन मिनिटं चर्चा झाली आणि विषय संपला, पायाला सवय नसलेले बूट रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नसतात, पोटरी आणि अकिलीसवर (टाचेमागच्या शिरेवर) त्यांचा ताण वेगळाच येतो.

पेसचं असं ठरलं. पहिले ५ किमी २:१५ च्या पेसरच्या (झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत पळणाऱ्याच्या) मागे, म्हणजे किमीला ६:२४, झेंड्याच्या पुढे एक पाऊलही जायचं नाही. घड्याळावरचा पेसचा स्क्रीन काढून टाकायचा, फक्त एकूण वेळ दिसेल असा एकच ठेवायचा, आणि तोही १५ किमीच्या बोर्डापर्यंत बघायचा नाही. तोपर्यंत मोजमाप एकच, बोलता येतंय का. ५ ते १० मध्ये पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, १० ते १५ मध्ये चार-पाच शब्द, त्यानंतर जे होईल ते. ही बोलण्याची परीक्षा ऐकायला साधी वाटते, पण आजारानंतर हार्ट रेटचे आकडे वर-खाली झालेले असतात तेव्हा घड्याळापेक्षा तीच जास्त खरं सांगते.

जेल (पळताना ऊर्जेसाठी घ्यायचं गोड पाकीट) दोन, एक ४० मिनिटांना, एक १ तास २० मिनिटांना, दोन्ही एड स्टेशनच्या जरा आधी म्हणजे वरून पाणी घेता येईल. वेळ बघायची नाही म्हटल्यावर घड्याळात ४० मिनिटांचा अलार्म लावून ठेवला. जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कार्ब असतात, आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम घ्या असं सहसा सांगितलं जातं, म्हणजे हे प्रमाण त्याहून थोडं कमीच होतं, पण ताईंच्या पोटाला तेवढंच झेपतं हे लाँग रनमध्ये कळलेलं. मागच्या रेसमध्ये त्यांनी नुसत्या पाण्यावर निभावलं होतं.

आणि थांबायचे नियम. छातीत दुखणं किंवा आवळल्यासारखं होणं, धडधड, चक्कर, यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं, मेडिकलवाल्यांना सांगायचं, कितवा किमी आहे याचा विचार करायचा नाही. हे त्यांच्या यजमानांनाही सांगून ठेवलं होतं, ते १४ किमीला उभे राहणार होते.

प्रत्यक्ष काय घडलं

सकाळी १४-१५ डिग्री, वारा नाही, ढगाळ. पळणाऱ्याला याहून चांगली हवा मागून मिळत नाही. गर्दी इतकी की स्टार्टची मॅट ओलांडायलाच तीन मिनिटं गेली.

पहिले ५ किमी ३१:५०. ठरल्यासारखे, म्हणजे ६:२२ ने. ताई नंतर म्हणाल्या की हे पाच किमी सगळ्यात अवघड गेले कारण लोक भराभर पुढे जात होते आणि पाय आपोआप त्यांच्यामागे ओढले जात होते. पेसरच्या झेंड्याकडे बघत दात-ओठ खाऊन मागे राहिल्या.

५ च्या पुढे पेसरला सोडायचं की नाही हा पहिला खरा निर्णय. शेजारच्या एका मुलीशी त्या गप्पा मारत होत्या, अगदी नीट, न थांबता, तेव्हा लक्षात आलं की आपण पूर्ण वाक्यंच काय पूर्ण गोष्ट सांगतोय. मग सोडलं. जोर लावला नाही, फक्त धरून ठेवलेलं सैल केलं, आणि पुढचे ५ किमी ३०:२० मध्ये गेले.

नवव्या किमीला एक प्रसंग झाला. एड स्टेशनवर गार पाण्याचा घोट घेताना ठसका लागला आणि मग खोकल्याची उबळ आली, जोरात. ताई बाजूला झाल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यात पाणी. त्यांच्या मनात लगेच आलं की झालं, हेच ते. पण मग यादी आठवली. छातीत दुखतंय? नाही. धडधड? पळण्याइतकीच. चक्कर? नाही. हा ठसका आहे, आजार नाही. वीस-पंचवीस पावलं चालल्या, श्वास जागेवर आला, परत सुरू. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आतलं. यादी आधी ठरलेली नसती तर एकतर घाबरून रेस सोडली असती नाहीतर खरंच काही असतं तरी रेटून नेलं असतं, दोन्ही वाईटच.

१० ते १५ हे ५ किमी २९:४५. १४ ला यजमान उभे होते, ताईंचा चेहरा बघून त्यांनी नुसता अंगठा दाखवला.

१५ च्या बोर्डावर पहिल्यांदा घड्याळ बघितलं, १:३१:५५. इथला हिशोब त्यांनी पळता पळता केला आणि मला तो फार आवडतो म्हणून सविस्तर सांगतो. उरले ६.१ किमी. नुसतं जुन्या बेस्टच्या पेसने, म्हणजे ६:२३ ने गेलं तरी ३९ मिनिटं, म्हणजे २:१०:५० च्या आसपास. म्हणजे आत्ता काहीही जास्त न करता, उलट हळू होऊनसुद्धा, चार मिनिटांचा पीबी हातात होता. ताई म्हणतात त्या क्षणी डोकं एकदम हलकं झालं आणि पाठोपाठ भीती वाटली, की आता हे घालवायचं नाही.

पर्याय दोन. आहे ते सांभाळत आरामात जायचं, किंवा अजून जोर लावून बघायचं. त्यांनी मधला रस्ता काढला, १८ पर्यंत काहीही बदलायचं नाही, याच श्वासावर राहायचं, १८ ला अंगात काय शिल्लक आहे ते बघून मग ठरवायचं. आणि १८ ला शिल्लक होतं. पायात दगड आले होते, डाव्या पोटरीत गोळा येतोय का असं वाटत होतं, पण श्वास ताब्यात होता. तिथून पुढे पुढच्या माणसाची पाठ धरायची, गाठला की त्याच्या पुढच्याची, असं करत गेल्या. १५ ते २० ला २८:५५. शेवटचा १.१ किमी ६:०२ मध्ये, म्हणजे साडेपाचच्या पेसने.

निकाल

फिनिशवरचं मोठं घड्याळ २:०९:५० दाखवत होतं. ताईंनी तेच धरलं आणि तिथेच रडायला लागल्या. पाणी पिऊन, पदक गळ्यात घालून, यजमानांना भेटून झाल्यावर मोबाइलवर चिप टाइम (स्वतः स्टार्टची मॅट ओलांडल्यापासूनची वेळ) आला, २:०६:५२. गर्दीत मॅट ओलांडायला गेलेली तीन मिनिटं त्यांच्या डोक्यातून पार गेली होती. हौशी धावपटूंचा पीबी चिप टाइमवरच धरतात, गन टाइम (रेस सुटल्यापासूनची वेळ) वरच्या नंबरांसाठी. म्हणजे जुन्या बेस्टपेक्षा ७ मिनिटं ४८ सेकंद कमी, आणि तीन आठवड्यांपूर्वी ताप असताना.

पहिला अर्धा ६५:२६, दुसरा ६१:२६. खोकला परत आला नाही, दोन दिवस पायऱ्या उतरताना मांड्या बोलल्या, बाकी काही नाही.

हे अनपेक्षित होतं का

ताईंसाठी होतं. आकड्यांसाठी नव्हतं, आणि मला या केसमधून सांगायचंय ते हेच.

पीट रीगल यांचं एक जुनं सूत्र आहे, एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं: दोन्ही अंतरांचा भागाकार, त्याचा १.०६ वा घात, गुणिले आधीची वेळ. ताईंची १० किमी ५७:५०. २१.०९७५ ला हे सूत्र देतं २:०७:३० च्या आसपास. म्हणजे रेसच्या पाच आठवडे आधी त्यांच्या पायात २:०७ होतं. पैसे खात्यात जमा होते, पासबुक भरून घेतलेलं नव्हतं इतकंच. त्या स्वतःला मोजत होत्या मागच्या वर्षीच्या २:१४ वरून, जी उकाड्यात, चुकीच्या सुरुवातीने, जेल न घेता पळलेली रेस होती. तो त्यांच्या ताकदीचा आकडा नव्हताच, त्या दिवसाचा होता.

मग आजारपणातल्या विश्रांतीने काही केलं का? ग्रुपमध्ये लगेच सुरू झालं, "ताईंनी दोन आठवडे पळलंच नाही म्हणून पीबी आला, आपणही तसंच करू." हे मला तिथल्या तिथे थांबवावंसं वाटलं. टेपरचा (रेसआधी पळणं मुद्दाम कमी करण्याचा) फायदा खरा आहे, २००७ साली अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं त्यात दोन आठवड्यांचा टेपर, पळण्याचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी पण वेग कायम, हा सगळ्यात उपयोगी निघाला. पण तो फायदा साधारण दोन टक्क्यांच्या घरातला. २:१४ चे दोन टक्के म्हणजे पावणेतीन मिनिटंही होत नाहीत. आठ मिनिटं त्यातून येत नाहीत. शिवाय ताप हा टेपर नसतो, त्यात स्नायूही झिजतात आणि झोपही जाते. ताईंच्या बाबतीत इतकंच झालं की आजाराने जेवढं घेतलं ते नंतरच्या १२ दिवसांच्या हलक्या पळण्याने बहुतेक परत दिलं.

बाकीची मिनिटं माझ्या मते फिटनेस, हवा आणि सुरुवात या तिघांची, याच क्रमाने. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं अंग थंड करायला, पायांना कमी पडतं, आणि जो जास्त वेळ रस्त्यावर असतो त्याला याचा फटका जास्त बसतो. सुरुवातीचं तर सगळ्यांनाच माहीत असतं आणि कोणीच पाळत नाही. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा ६०:४८ होता आणि दुसरा ५९:४७. तेव्हाचा जगातला सगळ्यात फास्ट मॅरेथॉनपटूसुद्धा दुसऱ्या अर्ध्यासाठी राखून ठेवत होता. एका केसवरून कोणत्या गोष्टीने नेमकी किती मिनिटं दिली हे वेगळं काढता येत नाही, पण यातलं काहीच जादू नाही एवढं नक्की सांगता येतं.

एक छोटी गोष्ट घड्याळाची. ताईंच्या घड्याळात अंतर दिसलं २१.३४ आणि सरासरी पेस ५:५७, खरी पेस ६:०१. बरेच जण यावरून आयोजकांशी भांडतात की कोर्स मोठा होता. कोर्स मोजतात तो कमीत कमी अंतराच्या रेषेवर, आणि कमी भरू नये म्हणून किमीमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. आपण वळणं बाहेरून घेतो, लोकांना ओलांडताना झिगझॅग जातो, त्यात जीपीएसची गफलत. म्हणून २:१० च्या आत यायचं असेल तर घड्याळावरची पेस गरजेपेक्षा किमीला तीन-चार सेकंद फास्ट दिसली पाहिजे. काठावरचे पीबी इथेच हुकतात.

काय वेगळं करता आलं असतं

१० किमीची टाइम ट्रायल झाली त्याच आठवड्यात टार्गेट नव्याने काढायला हवं होतं. ५७:५० नंतरही २:१० धरून बसणं म्हणजे टाइम ट्रायल नुसतीच घेतली असं झालं. आणि आजारानंतर २:१५-२:२० वर येताना ते २:०७ वरून खाली आलो असं दिसलं असतं, तर ताईंची भीती बरीच कमी झाली असती, कारण आठ-दहा मिनिटांची उशी हाताशी आहे हे समोर दिसलं असतं.

१४ आठवड्यांच्या प्लॅनमध्ये एकही मोकळा आठवडा नव्हता. तीन महिन्यांत माणूस एकदा तरी आजारी पडतो, मुलांची परीक्षा येते, ऑफिसात काहीतरी निघतं. सगळ्यात मोठा लाँग रन तीन आठवडे आधी एकाच शनिवारी अडकवला की तो गेला की मन खचतं. तो चार आणि पाच आठवडे आधी असा दोनदा ठेवला असता तर एक हुकला तरी दुसरा गाठीशी राहिला असता.

पहिले ५ किमी ६:२२ ऐवजी ६:१० ने काढता आले असते का? वेळेच्या दृष्टीने कदाचित अर्धं-पाऊण मिनिट मिळालं असतं. पण त्या छातीने, त्या दिवशी, मला ते नकोच होतं, आणि ताईंनाही आज विचारलं तरी त्या तीच सुरुवात करतील. आजारातून उठलेला माणूस असेल तर मी हा सल्ला बदलणार नाही. धडधाकट असताना मात्र इतकं मागे राहायची गरज नाही, सरासरीपेक्षा पाच-सात सेकंद हळू एवढं पुरतं.

नवव्या किमीचा ठसका टाळता आला असता. खोकला नुकताच गेलाय म्हटल्यावर एड स्टेशनचं गार पाणी पळता पळता गटागटा पिण्यापेक्षा चार पावलं चालत दोन घोट घ्यायचे, पाच सेकंद जातात, अर्धं मिनिट वाचतं.

आणि रेसनंतरचा एक निर्णय अजून चालू आहे. त्याच संध्याकाळी ताईंनी उत्साहात चार महिन्यांनंतरच्या फुल मॅरेथॉनचं फॉर्म भरायला घेतलं होतं. पीबीच्या संध्याकाळी माणसाला वाटतं आपण काहीही करू शकतो, आणि ते वाटणं खूप सुंदर असतं, पण आठवड्याला ४२ किमी पळणाऱ्या पायांना चार महिन्यांत फुल मॅरेथॉनसाठी तयार करणं घाईचं आहे. सध्या ठरलंय ते असं: दोन आठवडे फक्त मन मानेल तसं पळायचं, मग छातीची एकदा तपासणी, मग परत एक १० किमीची टाइम ट्रायल. ती ५६ च्या आत आली तर पुढचं हाफ २:०३ धरून, मध्ये दोन मोकळे आठवडे ठेवून, आणि फुलचा विषय त्या हाफनंतर. फॉर्म अर्धवट भरलेला तसाच आहे, पेमेंट केलेलं नाही.